आपली सोसायटी आणि गेटबाहेरचं शहर

(रौप्यमहोत्सवी समारंभात, डिसेंबर २०१७ मध्ये केलेल्या भाषणाचं लेखी रूप)





सेक्रेटरी साहेबांनी मला सांगितलं, "काकू, तुम्ही महापालिकेच्या निवडणुकीला उभ्या राहिलात, त्या अनुभवावर पंधरा मिनिटं बोला." मी विचारलं, "हरलेल्या उमेदवाराचं भाषण रौप्यमहोत्सवात कशाला?" ते म्हणाले, "जिंकलेल्यांची भाषणं आम्ही नेहमीच ऐकतो." म्हणून उभी आहे. एक गोष्ट आधीच सांगते. कुठल्याही पक्षाबद्दल मी आज चांगलंही बोलणार नाही आणि वाईटही बोलणार नाही. मी अपक्ष होते, माझी निशाणी कपबशी होती, आणि ऑक्टोबरपासून आपल्या गल्लीत मला चहा विचारताना सगळेजण हसतात, तेवढं पुरे.

आधी थोडं मागं जाऊ. १९९२ साली ही सोसायटी नोंदली गेली तेव्हा इथं ज्वारीची शेतं होती. शिक्षक, बँकवाले, एसटीतले, पाटबंधारे खात्यातले असे नोकरदार एकत्र आले, दरमहा पैसे जमा केले, जमीन घेतली, एनए केली, ले-आऊट मंजूर करून घेतला आणि चिठ्ठ्या टाकून प्लॉट वाटले. कोपऱ्याचा प्लॉट कुणाला लागला यावरून झालेलं भांडण काही जणांना अजून आठवत असेल. रस्ता नव्हता, लाइट नव्हती, नळ नव्हता. पहिली चार घरं उभी राहिली ती एका बोअरवर. घरी पाहुणे यायचे तेव्हा शेजारून दोन हंडे मागून आणायचे, असे ते दिवस. त्या वेळी आपल्याला एकमेकांशिवाय गत्यंतर नव्हतं, म्हणून आपण एकमेकांशी बोलत होतो. दर रविवारी बैठक व्हायची आणि अजेंडा काय, तर मुरूम कुठून आणायचा.

१९९७ मध्ये नांदेड आणि वाघाळा मिळून महानगरपालिका झाली. सिडकोनं वसवलेलं नवं नांदेड आणि गोदावरीकाठचं जुनं नांदेड एका कारभाराखाली आलं. २००८ ला गुरु-ता-गद्दीची त्रिशताब्दी झाली, त्याआधी केंद्राच्या शहर पुनरुत्थान योजनेतून मोठा निधी आला, रस्ते रुंद झाले, घाट बांधले गेले. त्याच योजनेतून झोपडपट्टीतल्या लोकांना आहे त्या जागीच पक्की घरं बांधून देण्याचं कामही नांदेडात झालं. ही सगळी चांगली कामं आपण डोळ्यांनी पाहिली आहेत.

पण त्याच काळात शहर किती वाढलं ते बघा. २००१ च्या जनगणनेत नांदेडची लोकसंख्या सुमारे ४.३ लाख होती, २०११ मध्ये ती ५.५ लाख झाली. दहा वर्षांत सव्वा लाखाच्या आसपास माणसं वाढली. पाच माणसांचं एक घर धरलं तर चोवीस हजार घरं. म्हणजे रोज सहा-सात नवी घरं, सलग दहा वर्षं. ही घरं कुठं झाली? आपल्यासारख्या मंजूर ले-आऊटमध्ये त्यातली काही झाली. बाकीची झाली आपल्या भिंतीपलीकडे.

ती भिंत सगळ्यांना माहीत आहे. पूर्वेची. तिच्यात एक छोटं गेट आहे, तिकडून आपल्याकडे धुणीभांडी करायला मावश्या येतात, पोरं शाळेत जाताना शॉर्टकट म्हणून जातात. मागच्या जुलैत जोराचा पाऊस झाला आणि आपल्या शेवटच्या लाइनमध्ये गुडघाभर पाणी साचलं. का साचलं? तर भिंतीखालून जे होल आपण पाणी जायला ठेवलंय, ते पलीकडच्या लोकांनी मातीची पोती टाकून बुजवलं होतं. आपल्या सभेत त्या दिवशी बराच गोंधळ झाला. काहींनी भिंत दोन फूट उंच करा म्हटलं, काहींनी गेट कायमचं बंद करा म्हटलं. तो ठराव अजून आपल्या टेबलावर आहे आणि येत्या सर्वसाधारण सभेत मतदानाला येणार आहे.

मी दुसऱ्या दिवशी त्या गेटातून पलीकडे गेले. जमिनीचा उतार आपल्याकडून तिकडे आहे. आपल्या चौसष्ट घरांचं पावसाचं पाणी, आणि खरं बोलायचं तर काही घरांच्या सेप्टिक टँकचं वरचं पाणीसुद्धा, त्या होलातून एका बाईच्या स्वयंपाकघरात जात होतं. ती मला म्हणाली, "काकू, तुमच्याकडं पाणी आलं की तुम्ही सभा घेताव. आमच्याकडं आलं तर आम्ही काय करावं? पोतं टाकलं."

निवडणुकीला उभं राहायचं मी त्या आठवड्यात ठरवलं. आपल्या प्रभागात एक जागा सर्वसाधारण महिलांसाठी होती. २०११ पासून आपल्या राज्यात महापालिकांत निम्म्या जागा महिलांना आहेत, तेव्हा संधी होती. घरच्यांनी विचारलं, "आता या वयात?" मी म्हटलं, पेन्शन सुरू झालीय, गुडघे अजून चालतात, आता नाही तर कधी?

उभं राहणं म्हणजे काय ते आपल्या मुलांना कळावं म्हणून थोडं सविस्तर सांगते. अर्ज संगणकावर भरायचा आणि त्याची सही केलेली प्रत द्यायची. सोबत शपथपत्र, त्यात आपली मालमत्ता, कर्ज आणि गुन्हे असतील तर ते. घरपट्टी-नळपट्टीची थकबाकी नाही याचा दाखला. घरात शौचालय आहे आणि ते वापरतो याचा पुरावा. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालेलं चालत नाही. महापालिकेच्या ठेक्यात आपला हिस्सा असलेला चालत नाही. पक्षाच्या उमेदवाराला पक्षाचा एबी फॉर्म लागतो. अपक्षाला तो लागत नाही, पण मग कार्यकर्तेही नसतात. माझे कार्यकर्ते म्हणजे माझा भाचा, तुमच्यापैकी सहाजण आणि पलीकडच्या वस्तीतल्या चौघी.

आता प्रभागाचं गणित बघा. नांदेडला यंदा वीस प्रभाग होते आणि ८१ नगरसेवक. म्हणजे एका प्रभागात चार, एका ठिकाणी पाच. अ, ब, क, ड अशा चार जागा, आणि मतदारानं चार वेळा बटण दाबायचं. आपल्या राज्यात मुंबई सोडून ही पद्धत दर निवडणुकीला बदलत आली आहे. २००२ ला तीन सदस्यांचा प्रभाग होता, २००७ ला एक वॉर्ड एक नगरसेवक, २०१२ ला दोन सदस्यांचा, आणि आता चार सदस्यांचा. आता मला सांगा, नाली तुंबली तर चौघांपैकी कुणाला फोन करायचा? 'अ' म्हणतो 'ब' ला विचारा, 'ब' म्हणतो ते काम 'क' नं लावलंय. लोकांनी मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न हाच होता, "आपला नेमका नगरसेवक कोण?"

शहरात जवळपास चार लाख मतदार. वीस प्रभाग. म्हणजे एका प्रभागात वीस हजारांच्या आसपास. चार-पाच हजार घरं. एका घराला पाच मिनिटं दिली, रोज आठ तास फिरलं, तर शंभर घरंसुद्धा होत नाहीत. पंधरा दिवसांत चौदाशे. सगळ्यांचं ऐकून घेणारा उमेदवार हवा असं आपण म्हणतो, पण या गणितात ते बसत नाही. त्यामुळे रिक्षावरचा भोंगा, बॅनर आणि हात जोडून धावत जाणं एवढंच उरतं. मी ठरवलं, भोंगा लावायचा नाही, जितकी घरं होतील तितकी करायची, आणि बोलायचं कमी, लिहून घ्यायचं जास्त. दोन वह्या भरल्या. त्या वह्यांत काय आहे, तेच आज तुम्हाला सांगायचं आहे. तीनच विषय आहेत. घर, वाढ आणि बोलणं.

पहिला विषय घराचा. पलीकडची वस्ती गुंठेवारीची आहे. गुंठेवारी म्हणजे काय हे आपल्याला वाटतं की माहीत आहे, पण मलाही ते नीट कळलं ते या फिरण्यातच. १९४७ चा तुकडेबंदी कायदा आहे. शेतजमिनीचे ठरावीक क्षेत्रापेक्षा छोटे तुकडे करून विकता येत नाहीत. मग शेतमालक एक गुंठा, दोन गुंठे असं बाँड पेपरवर लिहून विकतो. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. एनए नाही, ले-आऊट नाही, रस्त्याला जागा सोडलेली नाही, ओपन स्पेस नाही. घेणारा मजूर, भाजीवाला, रिक्षावाला, गावाकडून दुष्काळात आलेला. त्याला परवडतं ते एवढंच. त्याच्या घराला बांधकाम परवानगी मिळत नाही, बँकेचं कर्ज मिळत नाही. २००१ साली राज्यानं कायदा केला आणि १ जानेवारी २००१ पूर्वीचे असे प्लॉट शुल्क भरून नियमित करून घ्यायची सोय झाली. त्यानंतरचे राहिले ते राहिलेच. २०१५ पासून पंतप्रधान आवास योजना आहे. स्वतःच्या जागेवर घर बांधायला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख, असे अडीच लाख मिळू शकतात. पण त्यासाठी जागा तुमच्या नावावर आहे हे कागदावर दाखवावं लागतं. बाँड पेपरवाला तिथंच अडतो.

एका म्हाताऱ्या मामांनी मला विचारलं, "ताई, घरपट्टीची पावती हाय, लाइटचं बिल हाय, मतदान कार्ड हाय. मग आमचं घर हे घर हाय का न्हाई, ते एकदाचं सांगा." माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण निदान कुठल्या कायद्यानं काय होतं आणि कुठली तारीख लागू आहे, एवढं मी त्यांना कागदावर लिहून दिलं. ते म्हणाले, "एवढं पंधरा वर्षांत कुणी सांगितलं न्हाई." प्लॉट २००० सालच्या दिवाळीतला होता. म्हणजे तारखेच्या आत. त्यांना अर्ज करता येत होता, आणि ते त्यांना माहीतच नव्हतं.

दुसरा विषय वाढीचा. वाढ म्हटलं की आपल्याला मॉल, उड्डाणपूल आणि प्लॉटचे भाव आठवतात. मला लातूर आठवतं, कारण माझं माहेर औसा तालुक्यातलं आणि धाकटी बहीण लातूर शहरात असते. लातूरची २०११ मध्ये महानगरपालिका झाली. २००१ ला तीन लाखांचं शहर २०११ ला ३.८ लाखांचं झालं, वर शिकायला येणारी हजारो मुलं वेगळीच. लातूर पॅटर्नचं कौतुक आपणही करतो, आपल्यातल्या किती जणांची मुलं तिथं होस्टेलवर राहून आली! इमारती वाढल्या, क्लासेस वाढले, होस्टेलं वाढली. पाणी मात्र एका मांजरा धरणावर. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा कोरडं पडलं. मार्चमध्ये पाणी भरायच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोचली, दहा वाघिणींत पाच लाख लिटर. नंतर पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली, एका खेपेला पंचवीस लाख लिटर.

पंचवीस लाख हा आकडा ऐकायला मोठा वाटतो. ३.८ लाखांनी भागून बघा. माणशी साडेसहा लिटर. अर्धा हंडा. सांडपाण्याची सोय असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी असावं असा सरकारी मापदंड आहे. बहीण सांगायची, फ्लॅटवाले आणि झोपडीवाले एकाच टँकरच्या रांगेत उभे होते, चौथ्या मजल्यावरची बाई घागर घेऊन जिना चढत होती. बहिणीच्या इमारतीत स्विमिंग पूलची जाहिरात दाखवून फ्लॅट विकले होते.

लातूरला यंदा १९ एप्रिलला मतदान झालं. सत्तर जागांपैकी ज्या पक्षाची २०१२ मध्ये एकही जागा नव्हती, त्याला ३६ मिळाल्या. आपल्याकडे ११ ऑक्टोबरला मतदान झालं आणि ८१ पैकी ७३ जागा आधीपासून सत्तेत असलेल्या पक्षालाच मिळाल्या. एका शहरानं सत्ता बदलली, दुसऱ्यानं तीच भक्कम केली. दोन्हीकडे लोकांनी आपल्या परीनं विचार करून मत दिलं. मला त्यातून एवढंच दिसतं की सत्ता बदलली काय आणि राहिली काय, धरणात किती पाणी आहे आणि किती ले-आऊटना नळ द्यायचे आहेत हा हिशेब दोन्हीकडे तोच राहतो. तो मांडायला कुणीतरी बसावं लागतं. आपल्याला गोदावरी आणि विष्णुपुरी आहे म्हणून आपण निर्धास्त असतो. नवीन कॉलनी झाली की जाहिरातीत लिहितात, 'मुबलक पाणी'. ते बोअरचं की नळाचं, हे विचारलंत का कधी?

तिसरा विषय बोलण्याचा, म्हणजे संवादाचा. माझ्या मते पहिल्या दोन्ही विषयांचं कुलूप याच चावीनं उघडतं.

इथं मला माझ्या वहिनीबद्दल सांगायचं आहे. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनानंतरची पहाट. किल्लारीचा भूकंप. त्या वेळी आपल्यातली काही घरं स्लॅबपर्यंत आली होती, रात्री आपणही घाबरून बाहेर झोपलो होतो. तिकडे बावन्न गावं पूर्ण नव्या जागी वसवली गेली, आणि बाकीच्या गावांतल्या लाखाहून अधिक घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण करायचं ठरलं. पैसा सरकार आणि जागतिक बँकेचा, इंजिनिअर सरकारी, पण घर दुरुस्त करायचं मालकानं स्वतः. आता दगडमातीच्या भिंतीत आरपार दगड कसा बसवायचा, हप्ता कधी मिळणार, कुठल्या कागदावर अंगठा द्यायचा, हे कोण सांगणार? तेव्हा स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मदतीनं गावागावांतल्या महिला मंडळांतून 'संवाद सहायक' नेमल्या गेल्या. माझी वहिनी त्यातली एक. सातवी शिकलेली. ती घरोघर जाऊन सांगायची, घरोघरचं ऐकायची आणि इंजिनिअर आला की त्याला अडवून विचारायची. आधी लोक हसले. "हिला काय कळतंय सिमेंटातलं?" वर्षभरात तेच लोक भिंतीला बांधकामाचा पट्टा नीट पडला का, हे तिला बोलावून दाखवायला लागले. वहिनीकडे कुठलं पद नव्हतं. पण गाव आणि कचेरी यांच्यामध्ये एक माणूस उभं राहिलं की घर नीट होतं, हे मी माझ्या माहेरी डोळ्यांनी पाहिलं आहे.

शहरात याची सोय कायद्यातच आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनं तीन लाखांहून जास्त लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या असाव्यात असं सांगितलं. आपल्या राज्याच्या महापालिका कायद्यात प्रभाग समितीवर स्थानिक सामाजिक संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी घ्यायची तरतूद आहे. आणि २००९ मध्ये त्याच कायद्यात 'क्षेत्रसभा' आली. गावाला जशी ग्रामसभा, तशी शहराला क्षेत्रसभा. जवळजवळची काही मतदान केंद्रं मिळून एक क्षेत्र, त्यातले सगळे मतदार तिचे सदस्य, आणि नगरसेवकानं ती नियमित घ्यायची. कुठला रस्ता आधी, कुठं दिवा, कुठं नळ, हे तिनं सुचवायचं. राज्यातल्या बहुतेक शहरांत ती कागदावरच राहिली. पुण्यात २००६ पासून नागरिकांना आपल्या भागातली छोटी कामं अंदाजपत्रकासाठी सुचवता येतात, तेवढं तरी तिकडे सुरू झालं.

आपल्या नांदेडच्या निवडणुकीत या वेळी एका प्रभागात मतदान यंत्राला व्हीव्हीपॅट जोडून पाहिलं. आपलं मत कुणाला गेलं ते काचेतून कागदावर दिसतं. चांगली गोष्ट आहे. पण त्या मताचं पुढची पाच वर्षं काय झालं, हे दाखवणारी काच कुठलंही यंत्र आपल्याला देणार नाही. ते आपल्यालाच बसून बघावं लागेल.

निकालाचं सांगते आणि मुद्द्यावर येते. मला मिळालेली मतं हजाराच्या आत होती. सोसायटीतल्या सगळ्यांनी मला मत दिलं नाही, हे मला माहीत आहे आणि त्याचा राग नाही. मत हे मत आहे, शेजारधर्म नव्हे. निकालाच्या दिवशी संध्याकाळी पलीकडच्या त्या चौघी गेटातून आल्या. मला वाटलं सांत्वनाला आल्या. त्यांनी विचारलं, "काकू, वह्या कुठायत? पुढचं कधी करायचं?"

तेव्हा आता मुद्दा. येत्या सर्वसाधारण सभेत भिंत उंच करायच्या आणि गेट बंद करायच्या ठरावावर मत द्यायचं आहे. मी सभासद म्हणून दुसरा ठराव रीतसर दिला आहे. त्यात तीन गोष्टी आहेत.

एक, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी पाच ते सात आपला हॉल भिंतीच्या दोन्ही बाजूंच्या लोकांना बैठकीसाठी उघडायचा. प्रभागातल्या चारही नगरसेवकांना, कुठल्याही पक्षाचे असोत, लेखी निमंत्रण द्यायचं. आले तर स्वागत. नाही आले तर रजिस्टरमध्ये तशी नोंद.

दोन, चार संवाद सहायक नेमायचे. दोन आपल्याकडचे, दोन पलीकडचे. त्यांचं काम तक्रार लिहिणं, तिचा नंबर आणि तारीख ठेवणं, आणि उत्तर आलं की घरोघर पोचवणं. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे, सेवा हक्काचा कायदा २०१५ पासून. दोन्ही कायदे वापरायला वकील लागत नाही, चिकाटी लागते. आपल्यात इतके निवृत्त लोक आहेत. ऑफिसात आयुष्यभर टिपणी लिहिलीत, ती कला आता वस्तीच्या उपयोगी पडू द्या.

तीन, छोट्या गेटापाशी एक फळा लावायचा. पाणी कधी येणार, कुठलं काम मंजूर आहे, किती रुपयांचं, कधी संपणार.

यावर आक्षेप येणार, ते मला ऐकू यायला लागले आहेत. पहिला, हॉल आपल्या पैशाचा आहे. बरोबर आहे. महिन्यातून दोन तासांचं लाइट बिल मी माझ्या पेन्शनमधून भरते, तो प्रश्न संपला. दुसरा, चोऱ्या होतील. गेटातून रोज सकाळी ज्या मावश्या येतात त्यांच्या हातात आपण घराची किल्ली देतो. बैठकीच्या दिवशीच भीती का वाटावी? तिसरा, राजकारण घुसेल. त्यासाठी नियम लिहिलाय, कुठल्याही पक्षाचा झेंडा, बॅनर, सत्कार या बैठकीत नाही.

आणि चौथा आक्षेप, जो कुणी मोठ्यानं बोलत नाही. आपले प्रश्न सुटलेत, आपण कशाला त्यांच्यात पडायचं? तर मंडळी, आपले प्रश्न सुटलेले नाहीत. आपल्याकडे आजही सेप्टिक टँक आहेत. कधी ना कधी ड्रेनेजची मुख्य लाइन येणार, आणि ती येणार उताराच्या बाजूनं, म्हणजे पलीकडच्या गल्लीतून. त्या गल्लीत आज रस्त्याला जागा नाही. तिथल्या लोकांनी ओटे मागं घेतले तरच लाइन पडेल. आपण भिंत दोन फूट वाढवून गेट बंद केलं, तर ते कुणासाठी ओटा मागं घेतील? पाणी उताराकडेच जाणार, भिंत कितीही उंच केली तरी. आणि साचलं तर आधी आपल्याच शेवटच्या लाइनमध्ये साचणार.

पंचवीस वर्षांपूर्वी आपण मुरुमासाठी दर रविवारी बसत होतो, कारण आपल्याकडे काहीच नव्हतं. आज पलीकडच्या लोकांची तीच अवस्था आहे, फरक एवढाच की त्यांच्याकडे एनए ले-आऊट नाही आणि बसायला हॉलही नाही. संस्थापक सभासदांना मी विचारते, त्या दिवसांत कुणी आपल्यासाठी असं एक गेट उघडलं असतं, तर आपली किती वर्षं वाचली असती?

पुन्हा निवडणुकीला उभी राहणार का, असं बरेच जण विचारतात. ते २०२२ ला बघू. गुडघे काय म्हणतात त्यावर आहे. पण उभं राहायला मुलींनो तुमच्यापैकी कुणीतरी तयार व्हा. थकबाकीचा दाखला कुठं मिळतो ते मी दाखवीन. आणि तुम्ही उभ्या राहाल तेव्हा मतदारांना सांगायला तुमच्याकडे पाच वर्षांचं भरलेलं रजिस्टर असेल, माझ्यासारख्या पंधरा दिवसांत भरलेल्या दोन वह्या नव्हे.

ठराव सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर आहे. माझ्या बाजूनं मत द्या असं म्हणत नाही. मत देण्याआधी एकदा त्या गेटातून पलीकडे जाऊन या, एवढीच विनंती. उद्या सकाळी दहा वाजता मी तिथं उभी असेन. ज्यांना यायचंय त्यांनी चप्पल जुनी घालून यावी, गल्लीत अजून चिखल आहे.

ज्यांनी ही सोसायटी उभी केली आणि आज आपल्यात नाहीत, त्या सगळ्यांना नमस्कार करून मी थांबते.